पहिलीच्या आधीची मराठी

मराठीविषयीच्या दोन मोठ्या बातम्यांवर आपल्या मंडळात भरपूर चर्चा झाली. पहिली आनंदाची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. दुसरी वादाची. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आली, जूनमध्ये तो निर्णय बदलला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आपल्यापैकी अनेकांनी या वादात हिरिरीने मते मांडली. नातेवाईक पुण्या-मुंबईत असल्याने ते स्वाभाविकही आहे.

पण बडोद्यात राहणाऱ्या आपल्या घरांवर या दोन्ही बातम्यांचा थेट परिणाम किती? अभिजात दर्जामुळे अध्यासने, संशोधन, जुन्या ग्रंथांचे काम यांना बळ मिळेल, आणि ते हवेच आहे. महाराष्ट्रातील पहिलीच्या वर्गाचा निर्णय मात्र आपल्या नातवंडांना लागू होत नाही. त्यांना लागू होतो तो गुजरातचा २०२३ चा कायदा. त्यानुसार राज्यातील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा आहे. हे योग्यच आहे. ज्या राज्याचे पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो, त्याची भाषा आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. पण मग आजच्या बडोदेकर मराठी मुलाचा हिशेब असा होतो : गुजराती कायद्याने, इंग्रजी माध्यमाने, हिंदी दूरदर्शन संच आणि सोसायटीतल्या मित्रांमुळे. मराठीसाठी वेळापत्रकात तास नाही. एके काळी आपल्या शहरात मराठी माध्यमाच्या शाळा भरलेल्या असत. आज ते माध्यम निवडणारी घरे अगदी थोडी उरली आहेत.

म्हणून या लेखात आम्हाला एकच मुद्दा मांडायचा आहे. सगळा वाद पहिलीच्या वर्गापासून सुरू होतो, पण भाषेचा पाया त्याच्या फार आधी घातला जातो. पहिलीत प्रवेशासाठी आता वयाची सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या सहा वर्षांपैकी पहिली तीन जवळजवळ पूर्णपणे घराच्या हातात असतात. तेथे कुठल्याही सरकारचा शासन निर्णय पोचत नाही. त्या तीन वर्षांत मांडीवरच्या बाळाला रोज मराठीतून काहीतरी वाचून दाखवणे हा मराठी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त, सर्वांत खात्रीचा आणि आज सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

बाळाला काय कळते?

"ज्याला अजून बसता येत नाही, त्याला पुस्तक काय वाचून दाखवायचे?" हा प्रश्न आपल्या पिढीत बहुतेकांना पडतो. याचे उत्तर शोधायला लांब जावे लागते, पण गंमत म्हणजे तेथे आपल्याच शेजारची भाषा भेटते. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी इंग्रजी घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोन आवाजांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच ओसरली होती. म्हणजे बाळ जन्मतः सर्व भाषांसाठी कान उघडे ठेवून येते, आणि वर्षाच्या आत जे आवाज रोज कानावर पडतात त्यांच्यापुरते ते कान लावून घेते.

मराठीचेच पाहा. 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च लिहायला एक, पण उच्चारायला वेगळे. 'जग' आणि 'जीभ' यांतल्या ज चेही तेच. हा फरक हिंदीत नाही, प्रमाण गुजरातीतही नाही. आपल्याकडची अनेक मुले आठवी-नववीत मराठी वाचताना नेमकी येथेच अडखळतात, आणि आपण त्यांना हसतो. वास्तविक हा फरक व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवणे कठीण आहे. पाळण्यात असल्यापासून ऐकणाऱ्याला तो कोणी शिकवावा लागत नाही.

दुसरा प्रयोग आजच्या घरांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. २००३ मध्ये सिएटल येथील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. प्रत्येकी सुमारे पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, म्हणजे एकूण पाच तास. या बैठकांत चिनी बोलणारी माणसे बाळांसमोर बसून गोष्टींची पुस्तके वाचत आणि खेळण्यांशी खेळत. एवढ्यावर त्या बाळांना चिनी भाषेतले खास आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तीच पुस्तके, पण पडद्यावर दाखवली. तिसऱ्याला नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांना काहीही लागले नाही.

मोबाइलवर मराठी बालगीते लावून दिली की मराठीचे काम झाले, असे समजणाऱ्या प्रत्येक घराने हा निष्कर्ष शांतपणे वाचावा. गाणी वाईट नाहीत, पण तान्हे मूल भाषा शिकते ती माणसाकडून. त्याच्याकडे बघणाऱ्या, थांबणाऱ्या, त्याने 'ऊं' केले की 'हो का?' म्हणणाऱ्या माणसाकडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही एक वर्षाखालील बाळाला पडदा अजिबात नको असे सांगतात, आणि बाळ एका जागी बसलेले असेल तेव्हा त्याच्याबरोबर वाचन व गोष्टी असाव्यात असे सुचवतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये बाळाला जन्मापासून वाचून दाखवण्याचा सल्ला अधिकृत धोरणात घातला आणि २०२४ मध्ये तो नव्याने सांगितला.

ज्यांची नातवंडे पुण्यात, बंगळूरमध्ये किंवा परदेशात आहेत त्यांनी मात्र निराश होऊ नये. २०१४ मधील एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवे शब्द शिकली, आधीच रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीतून शिकली नाहीत. कॉलवरची व्यक्ती मुलाच्या हालचालीला त्याच क्षणी उत्तर देते, हा फरक. तेव्हा रविवारच्या कॉलवर "जेवलास का, झोपलास का" एवढ्यावर न थांबता आजोबांनी एक पुस्तक हातात धरले तर त्याचा उपयोग आहे.

आकडे तपासून घेऊ

आमचा जन्म आकड्यांत गेला, त्यामुळे या विषयात फिरणारे आकडेही तपासून घ्यावेसे वाटतात. समाजमाध्यमांवर एक आकडा नेहमी दिसतो : गरीब घरातील मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुखवस्तू घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा १९९५ च्या एका अमेरिकन पुस्तकातून आला. तो फक्त ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावर आधारलेला होता आणि पुढच्या संशोधकांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले. आजूबाजूच्या माणसांचे बोलणे मोजले तर ती दरी तेवढी राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. गरीब घरातील आया मुलांशी बोलत नाहीत, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. आपल्या आज्या जात्यावर बसून ओव्या म्हणत होत्या, तेव्हा कोणाच्या घरात श्रीमंती होती?

२०१९ चा ओहायो स्टेट विद्यापीठाचा हिशेब जास्त सरळ आहे. लहान मुलांच्या पुस्तकांत सरासरी किती शब्द असतात ते मोजून त्यांनी गुणाकार केला. रोज एक पुस्तक ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर पाच वर्षांपर्यंत केवळ पुस्तकांतून सुमारे तीन लाख शब्द पडतात. रोज पाच पुस्तके ऐकणारे मूल आणि अजिबात न ऐकणारे मूल यांच्यातला फरक १४ लाखांच्या वर जातो. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष मुलांच्या मागे फिरून केलेली मोजणी नव्हे, हे लक्षात ठेवून तो वापरावा.

आपल्यापुरता आणखी साधा हिशेब करू. रोज दहा मिनिटे वाचून दाखवले तर तीन वर्षांत १०,९५० मिनिटे होतात, म्हणजे साधारण १८२ तास. मुलांसाठी आठवड्याला एक तासाचा मराठी वर्ग घ्यायचा आणि सुट्ट्या, परीक्षा, सण वगळून तो वर्षात चाळीस वेळा भरला असे धरले, तर तेवढे तास भरायला साडेचार वर्षे लागतील. तेही मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर, त्याला कंटाळा येत असताना. आवर्ती ठेवीचा नियमच येथे लागू पडतो : रक्कम लहान असली तरी चालते, हप्ता चुकता कामा नये आणि खाते लवकर उघडावे.

गोष्टी सांगतो की, मग पुस्तक कशाला?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आपल्या परंपरेतून येतो. अंगाई, बडबडगीते, चिऊ-काऊच्या शेणामेणाच्या घरांची गोष्ट, तळहातावर बोट फिरवत म्हणायची गाणी हे सारे आपल्याकडे होते आणि ते चालू राहिलेच पाहिजे. पुस्तक त्याची जागा घ्यायला येत नाही.

पण रोजच्या बोलण्याला मर्यादा असते. लहान मुलाशी आपण दिवसभर काय बोलतो? खा, ये, नको, बघ, पडशील. २०१५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी शंभर चित्रपुस्तके आणि आईवडिलांचे मुलांशी होणारे बोलणे यांची तुलना केली. तेवढ्याच मजकुरात पुस्तकांत वेगवेगळे शब्द बरेच जास्त निघाले. जंगल, होडी, शिंपी, ढोली, काठ, सुगरण हे शब्द चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आपोआप येत नाहीत. पुस्तकातून येतात.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बडोद्याची मराठी ही गुजरातीशी शतकानुशतके शेजारधर्म पाळणारी मराठी आहे. लारीवाल्याकडे रींगण आणि डुंगळी मागणारे आपण घरी वांग्याची भाजी आणि कांद्याची थालीपिठे करतो. पुष्कळ घरांत वांगे आणि कांदा हे शब्दही आता मागे पडले आहेत. या मिश्रणाची लाज वाटण्याचे कारण नाही, त्यात आपल्या शहराची ओळख आहे. मात्र मुलाला दोन्ही शब्द मिळावेत. बोलण्यातून एक मिळेल, दुसरा पुस्तक देईल.

"इतक्या भाषांत मूल गोंधळेल" अशी भीती सुना-लेकी बोलून दाखवतात. शाळेच्या प्रवेशाच्या मुलाखतीची चिंता त्यामागे असते, ती आपण समजून घ्यावी. पण एकाहून अधिक भाषा ऐकल्यामुळे मुलाचे बोलणे लांबते, याला अभ्यासात आधार मिळालेला नाही. दोन भाषांतले मूल एका भाषेत थोडे कमी शब्द बोलते, दोन्हींचे मिळून मोजले तर ते मागे नसते. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावे, ऐकण्याची तपासणी करावी. घरातली भाषा बंद करणे हा त्यावर उपाय नाही.

आणि हे वाचन पुढे शाळेतही कामी येते. ग्रामीण भारतातील 'असर' अहवालानुसार सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोनानंतर २०२२ मध्ये ते १६.३ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ वर आले. सुधारणा स्वागतार्ह आहे, तरी चारातील तीन मुले अजून मागेच आहेत. अक्षर ओळखणे शाळा शिकवेल, पण अक्षर जुळवून झाल्यावर जो शब्द तयार होतो तो आधी कधी ऐकलेला असावा लागतो. ते ऐकणे शाळेच्या आधीचे आहे. सरकारलाही हे आता पटलेले दिसते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आखला आणि २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या बालकांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आला. अंगणवाडी आपल्या राज्यात गुजरातीत चालणार, हे उघड आहे. मराठीची अंगणवाडी आपल्या घरातच भरवावी लागेल.

आपल्या शहराचा वारसा

या विषयात बडोद्याने दुसऱ्याकडे बघावे अशी परिस्थिती नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला. शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरतो, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि राज्यभर मोफत ग्रंथालये उभी केली. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता.

याच गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. राजकोटला प्राचार्या असलेल्या ताराबाई मोडक त्यांच्याकडे गेल्या, तेथे काम केले, आणि पुढे महाराष्ट्रात बालशिक्षणाची चळवळ उभी केली. मराठी बालशिक्षणाचे एक मूळ गुजरातच्या मातीत आहे. या मातीत राहून आपल्याच घरातले बाळ मराठी गोष्टीवाचून वाढावे, हे आपल्याला शोभत नाही.

काय वाचावे, कसे वाचावे

मराठीत अगदी लहान मुलांसाठी पुस्तके कमी आहेत, ही तक्रार खरी आहे. विशेषतः बाळाला तोंडात घालता येतील अशी जाड पुठ्ठ्याची पुस्तके इंग्रजीत ढिगाने मिळतात, मराठीत शोधावी लागतात. तरी जे आहे तेही आपण पुरते वापरत नाही. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर', 'यश' ही पुस्तके आणि 'चित्रवाचन' ज्योत्स्ना प्रकाशनाकडे मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयात मराठी पुस्तके आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. त्या छापून घेऊन, धागा ओवून घरीच पुस्तक करता येते. इंग्रजी चित्रपुस्तक घरात असेल तर चित्रांवर बोट ठेवून गोष्ट मराठीत सांगावी, त्याला कोणाची हरकत नाही.

कसे वाचावे याचे फार नियम नाहीत. सहा महिन्यांपर्यंत मजकूर काय आहे याला महत्त्व नाही, आवाजाला आहे. आजोबांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तरी चालेल. पुढे बाळ पुस्तक ओढेल, चावेल, पाने फाडेल. ते नासधूस करीत नसून पुस्तकाशी ओळख करून घेत असते. वर्षाच्या पुढे बोट दाखवून नाव विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. दोन वर्षांचे मूल तेच पुस्तक वीस वेळा मागेल, आपण कंटाळलो तरी वीस वेळा वाचावे. त्याला त्या ओळखीतूनच पुढचा शब्द सापडत असतो. वाचताना "आता काय होईल?", "हा का रडतो?" असे विचारणाऱ्या पालकांची मुले भाषेत अधिक पुढे जातात, हे १९८८ पासूनच्या अभ्यासांत दिसत आले आहे. आणि मूल उठून गेले तर पुस्तक मिटावे. जबरदस्तीने वाचलेले पुस्तक औषधासारखे लागते.

हे काम कोणी करायचे? मुलगा-सून दोघे नोकरीला, त्यातून मकरपुऱ्याच्या किंवा रिफायनरीच्या पाळ्या. त्यांच्याकडे रात्री दहा मिनिटे असली तरी डोळ्यांवर झोप असते. वेळ आपल्याकडे आहे, आणि चष्मा लावला की वाचताही येते. निवृत्त मंडळींनी सकाळच्या फेरफटक्यातली दहा मिनिटे इकडे वळवावीत.

मंडळापुढे तीन सूचना

पहिली. बारशाला चांदीची वाटी, पैशाचे पाकीट देतोच. त्याबरोबर एक मराठी चित्रपुस्तक देण्याची प्रथा आपण पाडावी. अनेक चित्रपुस्तके शे-दोनशे रुपयांच्या आत मिळतात.

दुसरी. आपल्या वाचनालयात कादंबऱ्या आहेत, चरित्रे आहेत, दिवाळी अंक आहेत. तीन वर्षांखालील मुलांसाठी एक कप्पाही नाही. महाराजांच्या पेट्यांप्रमाणे पंधरा-वीस पुस्तकांच्या चार पेट्या कराव्यात आणि लहान मूल असलेल्या घरांत त्या महिन्याने फिरवाव्यात. पाने फाटली तर दंड नको. या खात्यात घसारा धरूनच चालावे.

तिसरी. गणेशोत्सवात वक्तृत्व आणि पाठांतराच्या स्पर्धा पाच वर्षांपासून पुढे असतात. त्याच मांडवात एका सकाळी अर्धा तास सतरंजी घालून आजी-आजोबांनी बाळांना वाचून दाखवावे. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, माईकही नको.

कार्यकारिणीच्या पुढील सभेत या सूचना विचारासाठी मांडत आहोत. ज्यांच्या घरी मराठी चित्रपुस्तके वापरून झाली असतील, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. पहिली पेटी त्यातूनच भरेल. आणि ज्यांच्या घरी सध्या तान्हे बाळ आहे, त्यांनी सभेची वाट पाहू नये. आज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर दहा मिनिटे पुरेत.